पंथाबाहेरचे मूल आणि प्रार्थनेची भाषा

आमच्या कन्येच्या शाळाप्रवेशाचा अर्ज भरताना ‘धर्म’ या रकान्यापाशी माझी लेखणी थांबली. रकाना कोरा ठेवून अर्ज खिडकीत दिला, तेव्हा तेथील वयस्क लेखनिकांनी तो परत पुढे सरकवला आणि अत्यंत सौम्य स्वरात विचारले, “बाई, मग मुलगी मानते तरी काय?” त्या गृहस्थांच्या प्रश्नात उपरोध नव्हता. रकान्यात काही तरी लिहिलेच पाहिजे, एवढीच त्यांची अडचण होती. परंतु भाषाभ्यासकाला त्यातील क्रियापद महत्त्वाचे वाटले. ते ‘मुलगी कोण आहे’ असे म्हणाले नाहीत. ‘काय मानते’ असे म्हणाले. सहा वर्षांचे मूल काय मानते, हे त्याच्या आईबापांनी त्याला कोणते शब्द दिले यावर पुष्कळसे अवलंबून असते. ज्या आईबापांनी पूर्वापार संप्रदायाचे शब्द बाजूला ठेवले, पण देवाविषयीची ओढ टाकली नाही, त्यांनी मुलांना कोणते शब्द दिले, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास पाहावा, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखिका शहाड येथे राहते. कल्याणनंतरचे हे पहिलेच स्थानक. एका अंगाला रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांनी बांधलेले विठ्ठलमंदिर. दुसरीकडे उल्हासनगर, म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी वसली आणि १९४९ मध्ये ज्या वस्तीला हे नाव मिळाले ते गाव. तिन्हीसांजेला आमच्या गच्चीवर उभे राहिले असता आरतीचा टाळ, अजान, कोठल्या तरी घरातील बुद्धवंदना आणि सिंधी भजनाची ढोलकी, हे सर्व थोड्याफार अंतराने कानावर येते. तेव्हा येथील मूल धार्मिक शब्दांवाचून वाढते असे म्हणणे शक्य नाही. त्याच्या कानावर चार भाषांतील प्रार्थना पडत असतात. प्रश्न एवढाच की त्याच्या स्वतःच्या तोंडी कोणती असावी.

प्रथम विषयाची मर्यादा सांगितली पाहिजे. ज्यांनी ईश्वरकल्पनाच नाकारली त्यांचा विचार येथे मुख्यतः केलेला नाही. एक संघटित धर्म सोडून दुसऱ्या संघटित धर्मात गेले त्यांचाही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जे घडले ते फार मोठे स्थित्यंतर होय, परंतु त्यात मुलाला नवा संघ, नवी वंदना आणि नवे नाव ही तिन्ही मिळाली. आपला विषय त्यांचा आहे, ज्यांच्या मुलांना यांपैकी काहीच तयार मिळाले नाही. आणखी एक भाषिक नोंद अवश्य आहे. अर्जातील ‘धर्म’ हा शब्द जुना असला तरी तेथील त्याचा अर्थ जुना नाही. मराठीत धर्म ‘करतात’, धर्म ‘पाळतात’. धर्मशाळा, दानधर्म, धर्मादाय या शब्दांत तो आचाराचा आणि देण्याघेण्याचा शब्द आहे. माणसाच्या नावापुढे एकदाच लिहावयाची जी खूण, ती या अर्थाने धर्म नव्हे. तो अर्थ इंग्रजी अमदानीतील शिरगणतीच्या तक्त्यांनी रूढ केला.

या इतिहासाचा आरंभ एका वैयाकरणापासून करावा लागतो, याचे माझ्यासारखीला अर्थातच समाधान वाटते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले आणि पुढे मराठी शाळांतील मुलांच्या पिढ्या त्या परंपरेवर वाढल्या. त्याच दादोबांनी १८४४ मध्ये सुरतेस दुर्गाराम मेहता प्रभृतींसह मानवधर्मसभेत भाग घेतला आणि १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा उभी केली. एकच ईश्वर, मनुष्यमात्र एक, जातिभेद मिथ्या, ही तिची तत्त्वे. सभेचा विधी प्रसिद्धच आहे : नव्या सभासदाने ख्रिस्त्याच्या हातचा पाव खाऊन आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिऊन जातिबंधन तोडावयाचे. मात्र हे सर्व गुप्त. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली आणि नावे उघड होण्याच्या धास्तीने सभा विखुरली.

परमहंस सभेच्या गुप्ततेविषयी इतिहासकारांनी भित्रेपणाचा आरोप पुष्कळदा केला आहे. तो मला फारसा उपयोगी वाटत नाही. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की गुप्त धर्म मुलाला सांगता येत नाही. मूल गुपित राखीत नाही. ओट्यावर, शाळेत, आजोळी जे ऐकले ते बोलून टाकते. रात्री सभेत पाव खाऊन आलेला गृहस्थ सकाळी आपल्या मुलाला काय सांगणार? त्याने संध्या शिकविली तर ती त्याच्या मते खोटी; न शिकविली तर शेजारी विचारणार. मराठी मुलाला सर्वनामांची रूपे उघडपणे शिकविणाऱ्या दादोबांना ईश्वराचे सर्वनाम मात्र बंद दाराआड उच्चारावे लागले. सभा अकरा वर्षे टिकली, म्हणजे एखादे मूल लहानाचे मोठे होण्याइतकीही नाही.

दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन केला, तेव्हा मागील अनुभव जमेस धरलेला होता. दारे उघडी होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, पुढे चंदावरकर अशी माणसे वेदीवरून बोलू लागली. १८७३ पासून ‘सुबोध पत्रिका’ निघू लागली. मुलांसाठी रविवारचे वर्गही समाजाने चालविले. भाषेच्या दृष्टीने या मंडळींनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. नवीन स्तोत्रे केली तरी भर तुकोबांच्या आणि इतर संतांच्या अभंगांवर ठेवला. म्हणजे प्रार्थनेची शब्दसंपत्ती मुलाच्या आजीच्या तोंडी असलेलीच होती. वगळली होती ती मूर्ती आणि जात.

पण ती घरातून वगळली गेली नव्हती. सभासदाने घरातील मूर्तिपूजा आणि जातीचे आचार सोडलेच पाहिजेत अशी अट समाजाने घातली नाही. याचा परिणाम काय झाला हे पाहण्यास रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकासारखे साधन नाही. १८९० मध्ये पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जो ग्रामण्याचा गोंधळ उडाला, त्यात १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. टीकाकारांनी त्यांना दुबळे म्हटले. स्नेह्यांनी त्यांच्या सहिष्णुतेची थोरवी गायिली. आपल्या दृष्टीने त्यातून निघते ते वेगळेच. सुशिक्षित प्रार्थनासमाजी घराला दोन धर्मभाषा होत्या : एक रविवारची, पुरुषांची, तत्त्वांची, दुसरी रोजची, स्वयंपाकघरातील, सोवळ्याची आणि सणावाराची. भाषाशास्त्रात द्वैभाषिक घरांविषयी एक साधा अनुभव आहे. ज्या भाषेत मुलाला जेवू घालतात, रागावतात आणि झोपवितात, तीच मुलाची होते. जी आठवड्यातून एकदा ऐकू येते ती परकी राहते. प्रार्थना समाजाची सभासदसंख्या नेहमीच थोडी का राहिली याची कारणे पुष्कळ देतात. त्यांत या कारणाची नोंद व्हावयास हवी.

जोतीराव फुले यांनी नेमके घरापासून सुरुवात केली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. परंतु आपल्या विषयाचा खरा ग्रंथ म्हणजे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेल्यानंतर जोतीरावांनी तो डाव्या हाताने लिहिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले आणि १८९१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो प्रसिद्ध केला त्यांचे दत्तकपुत्र यशवंतराव यांनी. ही गोष्ट ग्रंथसूचीतील एका ओळीपेक्षा मोठी आहे. यशवंत हा काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा. जातीने ज्याला जन्मतःच नाकारले असते अशा मुलाला फुले दांपत्याने आपले केले. त्याला कोणत्या जातीचा म्हणावे याचे उत्तर त्या घरात नव्हते आणि कोणाला हवेही नव्हते. तो डॉक्टर झाला. १८८९ मध्ये त्याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या, तेव्हा त्या कामात तो आईबरोबर होता. संघटित धर्माबाहेर मूल वाढविण्याचा महाराष्ट्रातील पहिला पूर्ण दाखला शोधावयाचा असेल तर तो या घरात आहे.

ग्रंथात एका कुटुंबाचे वर्णन येते. जोतीराव म्हणतात त्याचा आशय असा : घरातील बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तो धर्म मानावा, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून महंमदी व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारावा, आणि सर्वांनी एकाच छपराखाली एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने नांदावे. या उताऱ्याची सर्वधर्मसमभावाचा आदर्श म्हणून वाखाणणी होते, ती योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक धाडसी गोष्ट आहे, तिकडे लक्ष गेलेले दिसत नाही. या घरात मुलगी आणि मुलगा हे आईबापांचा धर्म घेत नाहीत. प्रत्येकाची श्रद्धा स्वतःच्या वाचनातून येते. श्रद्धा हा वारसा नसून वाचन आहे, असे त्या काळात, आणि तेही मुलीच्या बाबतीत, लिहिणे म्हणजे काय होते याची कल्पना आज करणे कठीण आहे.

आता शब्दाकडे येऊ. जोतीरावांनी ईश्वरासाठी ‘निर्मिक’ हा शब्द योजला. ‘निर्मिणे’ या मराठी क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. ज्याने निर्मिले तो. ‘ईश्वर’ आणि ‘प्रभू’ या शब्दांत मालकी आहे, ‘देव’ म्हटले की मागोमाग देवी, देव्हारा आणि तेहतीस कोटी येतात, ‘परब्रह्म’ शब्द पोथीतला. ‘निर्मिक’ला यांपैकी कसलेच ओझे नाही. त्याची मूर्ती नाही, त्याची कथा नाही, त्याचा पुजारी नाही. एवढ्या विचारपूर्वक घडविलेला पारिभाषिक शब्द एकोणिसाव्या शतकातील मराठीत क्वचितच सापडेल.

तथापि ओझे नसणे हीच त्याची अडचणही आहे. मूल शब्द शिकते ते व्याख्येवरून नव्हे, तर हाकेवरून. ‘आई’ हा शब्द ते प्रथम संबोधन म्हणून उच्चारते. आई म्हणजे कोण हे त्याला पुढे कळते. ‘विठोबा’ या नावात मराठी मुलाला ‘बा’ ऐकू येतो. ‘विठाई’त आई ऐकू येते. ही नावे मुळातच हाका आहेत. ‘निर्मिक’ हे मात्र तृतीय पुरुषी नाम आहे : त्याच्याविषयी बोलता येते. व्याकरणाने त्याचे संबोधन ‘निर्मिका’ असे होईल. पण तिन्हीसांजेला झोपाळू डोळ्यांनी ते म्हणणारे मूल माझ्या कल्पनेत उभे राहत नाही. जोतीरावांना ही उणीव जाणवली असावी असे वाटते. कारण त्यांनी ‘अखंड’ हा गेय रचनाप्रकार हाती घेतला आणि ग्रंथात मुलाच्या जन्मापासून विवाह व अंत्यविधीपर्यंत प्रसंग घेऊन त्या त्या वेळी काय करावे हे सांगितले. त्यांनी शब्दाला प्रसंग दिले. हाक मात्र संतांकडेच राहिली.

येथे एका सर्वनामाचा उल्लेख करणे भाग आहे. मराठीत देवाला ‘तू’ म्हणतात. आईलाही ‘तू’. वडिलांना मात्र पांढरपेशा घरांत कालपरवापर्यंत ‘तुम्ही’ आणि ‘अहो’ असेच म्हणत असत. मिशनरी भाषांतरकारांनी ख्रिस्ती प्रार्थना मराठीत आणली, तेव्हा देवाला पिता म्हटले तरी सर्वनाम ‘तू’च ठेवले. म्हणजे शब्द बापाचा आणि सलगी आईची. भाषेने आधीच ठरवून ठेवलेल्या या सलगीला कोणत्याही पंथाची परवानगी लागत नाही, आणि पंथ सोडल्याने ती जातही नाही. ज्या आईबापांनी मुलाला ही एक गोष्ट दिली त्यांनी पुष्कळ दिले, असे माझे मत झाले आहे.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण या मताला पुष्टी देते. जमखंडीच्या वारकरी घरात १८७३ मध्ये त्यांचा जन्म झाला. युनिटेरियन शिष्यवृत्तीवर १९०१ ते १९०३ या काळात ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करून आले, प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले, १९०६ मध्ये त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना केली. उदार धर्माच्या सर्व संस्था त्यांनी जवळून पाहिल्या, चालविल्या, आणि त्यांतील बहुतेकांपासून पुढे ते दूरही झाले. एवढे सर्व झाल्यावर उत्तरायुष्यात त्यांनी कशावर भर द्यावा? कौटुंबिक उपासनेवर. पुरुष, बायका, मुले यांनी घरीच एकत्र बसून करावयाची उपासना. मंदिर, वेदी, प्रचारक यांचा अनुभव घेतलेला मनुष्य अखेर घराच्या ओसरीवर आला. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना आरंभीची जमखंडीच्या घराची चित्रे मनात राहतात. त्या घराने दिलेली भाषा त्यांनी ऑक्सफर्डातही टाकली नव्हती.

याच्या उलट उदाहरण इरावती कर्वे यांचे. त्यांचे बालपण पुण्यात रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी गेले. परांजपे हे उघड बुद्धिवादी. त्या घरात देवपूजेला स्थान नव्हते. पुढे दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी विवाह झाला, तेही घर तसेच. अशा संगोपनातून आलेली ही विदुषी आळंदीच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेली आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. त्यात मानवशास्त्रज्ञाचे निरीक्षण आहे, ब्राह्मणांची आणि इतरांची दिंडी वेगळी चालते याचे दुःख आहे, आणि याखेरीज एक असे काही आहे जे निरीक्षणात मावत नाही. ज्या मुलीला घराने विठोबा दिला नव्हता, तिला तो भाषेने दिला, असे मी म्हणेन. मराठी शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला तो कोठे तरी भेटतोच. परांजप्यांनी तिला प्रार्थना शिकविली नाही, पण तिची वाटही अडविली नाही. दोन्ही गोष्टींचे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली ती हळूहळू. १८७२ च्या विशेष विवाहाच्या कायद्याखाली लग्न करणाऱ्यास आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही, असे नाकारून सांगावे लागे. १९५४ च्या कायद्यात ही अट राहिली नाही. संविधानाचे २८ वे कलम सरकारमान्य वा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळेतील अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीखेरीज धार्मिक उपासनेत बसविता येणार नाही असे सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिलेला निर्णय मात्र याहून पुढचा आहे. अर्जदार येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारे होते, पण आपण कोणत्याही धर्माचे नाही अशी नोंद त्यांना राजपत्रात हवी होती. शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली. कोणत्याही नागरिकास आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती राज्य करू शकत नाही आणि ‘धर्म नाही’ असे सांगण्याचा त्याला अधिकार आहे, असे न्यायालयाने ठरविले. श्रद्धा आहे आणि धर्म नाही, ही दोन वाक्ये एकत्र खरी असू शकतात हे त्या दिवशी मान्य झाले. शिरगणतीत धर्म नमूद न केलेल्यांची संख्या देशात २००१ मध्ये सुमारे ७.३ लाख होती, २०११ मध्ये सुमारे २८.७ लाख झाली. या आकड्यात सर्व प्रकारची माणसे असणार. नुसत्या वाढीवरून फार निष्कर्ष काढू नये.

लेखनिकांना मी त्या निर्णयाची प्रत नेऊन दाखविली. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, आणि रकान्यात एक आडवी रेघ मारली. “रेघ मारली की कोणी नंतर भरू शकत नाही,” असे म्हणाले.

घरी अजून पुष्कळ अनिश्चित आहे. माझ्या सासूबाई दिवेलागणीला नातीला जवळ घेऊन ‘शुभंकरोती’ म्हणतात. मी हरकत घेत नाही. तिला त्यातील संस्कृतचा अर्थ कळत नाही आणि आजीच्या मांडीचा कळतो. मागच्या महिन्यात आम्ही कसाऱ्याच्या गाडीने चाललो होतो. शहाड सुटले, आणि उल्हास नदीचा पूल आला तसे डब्यातील दोनतीन बायकांनी टिटवाळ्याच्या दिशेने की नदीला, कोण जाणे, हात जोडले. मुलीने पाहिले आणि तिनेही जोडले. मग माझ्याकडे वळून विचारले, “आई, हिला काय म्हणायचं? अहो की अगं?”

मी म्हटले, “तुला काय वाटतं?”

ती पूल संपेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. आंबिवली आल्यावर म्हणाली, “मी अगं म्हटलं.”